फुलं येतात, पण फळ धरत नाही: आधी गळलेलं फूल हातात घ्या

झाड हिरवंगार, फुलांनी लगडलेलं, आणि फळाचा पत्ता नाही. परसबागेतल्या तक्रारींमध्ये ही सगळ्यात जास्त छळणारी. कीड लागली तर निदान शत्रू डोळ्यांना दिसतो. इथे पानं ठणठणीत, खोड जाड, आणि रोज सकाळी कुंडीच्या कडेला फुलांचा सडा. दर हंगामात हे पुन्हा होतं, आणि दर वेळी हात आधी खताच्या डब्याकडे जातो. माझं म्हणणं एवढंच, की खताला हात लावण्याआधी गळलेलं फूल उचलून बघावं. निम्मं निदान तिथेच होतं, आणि पुष्कळदा उपाय निघतो तो ‘काही करू नका, थांबा’ असा.

टोमॅटोच्या फुलाचा देठ नीट पाहिलात तर त्यावर मधेच एक गाठ दिसेल, बोटाच्या पेरासारखी. फळ धरणार नसेल तर झाड तिथूनच फूल सोडून देतं. फूल फळण्याच्या मार्गावर असताना त्यातून ऑक्सिन नावाचं संजीवक (झाडाचं हार्मोन) देठाकडे वाहत असतं आणि गाठ घट्ट राहते. हा पुरवठा आटला आणि इथिलीन या दुसऱ्या संजीवकाचा जोर वाढला, की गाठीतल्या पेशी एकमेकींपासून सुटतात. म्हणून गळलेल्या फुलाच्या देठाचं टोक स्वच्छ असेल, तर ते झाडानं स्वतः सोडलंय. टोक कुरतडलेलं असेल तर कुणीतरी खाल्लंय; मग रात्री टॉर्च घेऊन झाड तपासा, पुढचं वाचायची गरज नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. आज गळलेल्या फुलाचं कारण बहुधा आजचं नसतं. परागकण कळीतच तयार होतात, फूल उमलण्याच्या साधारण एक ते दोन आठवडे आधी, आणि उष्णतेचा मोठा फटका त्याच काळात बसतो. उन्हाची लाट ओसरली तरी पुढे काही दिवस फुलं गळत राहतात. नेमकं तेव्हाच कुणीतरी काहीतरी फवारतं, आठवड्याभरात फळं आपोआप धरू लागतात, आणि श्रेय फवाऱ्याला मिळतं. घरगुती उपायांपैकी बऱ्याच जणांची कीर्ती अशीच झालेली आहे.

वेलभाज्या: नर की मादी?

काकडी, दुधी, भोपळा, दोडका, कारलं, घोसाळं. या वेलींवर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी, पण दोन्ही एकाच वेलीवर. मादी फुलाच्या पाकळ्यांमागे त्या भाजीचं इवलंसं रूप आधीपासूनच असतं: काकडीच्या फुलामागे बारीक लवदार काकडी, भोपळ्याच्या फुलामागे गोळी. नर फूल नुसत्या सरळ देठावर. एवढं ओळखता आलं की बरीचशी घबराट संपते, कारण वेलीला आधी नर फुलं येतात. आठवडा-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, फक्त नरच. ती उमलतात, एक दिवस टिकतात आणि गळतात. त्यांनी गळायचंच असतं. या टप्प्यावर वेलीला काहीही घालू नका.

महिना होत आला तरी नुसती नर फुलंच दिसत असतील, तर मात्र लक्ष घालावं. जास्त उष्णता, मोठा दिवस आणि नत्राचा (नायट्रोजनचा) अतिरेक, या तिन्हींमुळे वेल नर फुलांकडे झुकते. हवा थंडावली आणि दिवस लहान झाले की मादी फुलांचं प्रमाण वाढतं. हवामान आपल्या हातात नाही, नत्र आहे. शेणखत, गांडूळखत, पेंडीचं पाणी, जे काही चालू असेल ते थांबवा. दुसरा उपाय शेंडा खुडण्याचा, आणि तो दुधीवर खरोखर चालतो. दुधीच्या मुख्य वेलावर बहुतेक नर फुलं येतात. बगलेच्या फुटव्यांवर आणि त्या फुटव्यांच्या फुटव्यांवर मादी वाढतात. थ्री-जी कटिंग म्हणून जे सांगितलं जातं ते हेच: मुख्य शेंडा खुडायचा, मग आलेल्या फुटव्यांचे शेंडे खुडायचे आणि तिसऱ्या पिढीला वाढू द्यायचं. पण कात्री सरसकट चालवू नका. काकडीच्या कित्येक संकरित जातींत मुख्य वेलावरच जवळजवळ सगळी फुलं मादी असतात. अशा वेलीचा शेंडा खुडला तर पीकच खुडलं. बियांच्या पाकिटावर परागीभवनाविना फळणारी जात असं लिहिलेलं असेल, तर तिच्यासाठी पुढचा खटाटोपही करू नका.

आता मादी फुलं आली, पण मागचं इवलं फळ वाढायचं सोडून पिवळं पडलं. इथे संशयित दोन: परागीभवन झालं नाही, किंवा फळमाशीनं अंडी घातली. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे, म्हणून अंदाज न बांधता ते फळ उभं चिरून बघा. परागीभवन न झालेलं फळ मुळात वाढतच नाही. फूल मिटल्यावर दोन-चार दिवसांत फुलाकडच्या टोकापासून पिवळं पडत आक्रसतं, आणि आत कीड नसते. फळमाशी लागलेलं फळ बहुधा थोडं वाढलेलं असतं, सालीवर एखादा बारीक टोचा आणि त्यातून पाझरलेला चीक दिसतो, आणि आत पांढऱ्या अळ्या वळवळत असतात. काकडी एका टोकाला फुगलेली आणि दुसरीकडे बारीक राहिलेली असेल, तर परागीभवन अर्धवट झालंय किंवा मधेच पाणी कमी पडलंय.

फळमाशीवर फवारा मारून फारसं साधत नाही, कारण अळी फळाच्या आत असते. फळ धरल्याबरोबर त्याला कागदी किंवा बारीक जाळीची पिशवी बांधणं हा घरच्या बागेतला सगळ्यात खात्रीचा मार्ग. दहा-वीस फळांचाच तर प्रश्न असतो. किडकी फळं झाडाखाली पडू देऊ नका आणि कंपोस्टमध्येही टाकू नका, कारण अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि नवी पिढी तिथूनच वर येते. ती फळं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. गंधसापळा आणायचा असेल तर वेलवर्गीय भाज्यांसाठी क्यू-ल्युअरचा आणा. मिथाइल युजेनॉलचा सापळा आंबा-पेरूवरच्या माशीसाठी असतो. तो वेलीजवळ टांगला तर त्यात माश्या सापडतीलही, पण आपल्या काकडीला डंख मारणाऱ्या नव्हेत. शिवाय या सापळ्यांत फक्त नर माश्या अडकतात, त्यामुळे सापळा लावला म्हणून पिशव्या बांधणं सोडू नका.

परागीभवनच होत नसेल तर ते हातानं करा. सगळी मेख वेळेत आहे. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटू लागतं. काकडी, कारलं, घोसाळं यांचीही सकाळचीच गाठ. दुधी आणि दोडका मात्र संध्याकाळी उमलतात. दुधीचं पांढरं फूल रात्रीच्या पतंगांसाठी असतं, आणि उंच मजल्यावरच्या गॅलरीत ते पतंग पोचतीलच असं नाही. सकाळी नेमानं ब्रश घेऊन दुधीपाशी उभे राहणारे लोक असतात. त्यांची शिस्त मोठी, पण फूल तोवर कोमेजत आलेलं असतं.

त्याच दिवशी उमललेलं नर फूल खुडा, पाकळ्या मागे दुमडा किंवा काढून टाका, आणि मधला परागांनी माखलेला भाग मादी फुलाच्या कुक्षीला, म्हणजे मधल्या चिकट टोकाला, हलकेच घासा. कुक्षीला तीन भाग असतात. तिन्हींना पराग लागले पाहिजेत, नाहीतर फळ वाकडं होतं. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. साधलं असेल तर तीन-चार दिवसांत फळ फुगलेलं कळतं. मला विचाराल तर बागेतलं हे सगळ्यात मजेचं काम, भाजी खुडण्याहूनही जास्त, कारण पुढच्या दिवशी पुन्हा जाऊन बघण्याची ओढ लागते.

जाता जाता: कडुनिंबाचं तेल संध्याकाळी फवारा, असा सल्ला दिला जातो तो मधमाश्यांसाठी, आणि तो योग्यच आहे. पण दुधी-दोडक्याची फुलं त्याच वेळी उघडतात. फवारा पानांच्या खालच्या बाजूला द्या आणि उमललेली फुलं टाळा.

टोमॅटो

इथे नर-मादीची भानगड नाही. प्रत्येक फुलात दोन्ही असतं आणि फूल स्वतःच्याच परागांनी फळतं. अडचण अशी, की पराग पिवळ्या पुंकेसरांच्या (फुलातल्या नर भागांच्या) शंकूच्या आत सुटतात आणि बाहेर पडायला त्यांना हादरा लागतो. मोकळ्या जागी वारा ते काम करतो. मोठे काळे भुंगे फुलाला घट्ट पकडून पंखांचे स्नायू थरथरवतात आणि पराग अंगावर पाडून घेतात; मधमाशीला ही कला येत नाही. मोठ्या हरितगृहांत म्हणूनच बंबलबी या केसाळ भुंग्यासारख्या माश्यांच्या पेट्या ठेवतात. तुमची कुंडी जाळी लावलेल्या गॅलरीत किंवा भिंतीच्या कोपऱ्यात असेल, तर तिथे वाराही नाही आणि भुंगाही नाही.

उपाय फुकटचा आहे. सकाळचं दव सुकल्यावर, दुपारच्या आत, आधाराच्या काठीवर बोटानं टिचक्या मारा. बॅटरीवर चालणारा टूथब्रश असेल तर त्याची मागची बाजू फुलांच्या घोसाच्या देठाला दोन-तीन सेकंद टेकवा. पिवळी धूळ उडताना दिसली तर काम झालं. एक-दोन दिवसांआड पुरे. रंगाचा ब्रश फुलावरून फिरवून उपयोग होत नाही, कारण कुक्षी बहुधा शंकूच्या आत दडलेली असते.

हादरे देऊनही फुलं गळत असतील तर तापमान बघा, आणि दिवसापेक्षा रात्रीचं जास्त. टोमॅटोला फळ धरायला रात्र साधारण १३ ते २१ अंश सेल्सिअसची आवडते. रात्री २४ अंशांच्या खाली पारा उतरत नसेल, किंवा दिवसा तो ३२ ते ३५ च्या वर जात असेल, तर परागकण निकामी होतात. रात्र १३ च्या खाली गेली तरी तोच परिणाम. फार दमट हवेत पराग चिकटून राहतात, फार कोरड्या हवेत कुक्षी सुकते. यावर कुठलंही टॉनिक नाही. दुपारच्या उन्हापुरती ३० ते ५० टक्के सावलीची जाळी, मातीवर वाळल्या पानांचं जाड आच्छादन आणि नियमित पाणी, एवढ्यावर झाड जिवंत आणि तरतरीत ठेवा. हवा उतरली की तेच झाड पुन्हा फळतं. फार उकाडा असणाऱ्यांनी चेरी टोमॅटो लावावा. लहान फळांच्या जाती मोठ्या फळांच्या जातींपेक्षा उष्णतेत सहसा बऱ्या टिकतात.

मग येतं नत्र. गडद हिरवी, मांसल पानं, अंगठ्याएवढं खोड, प्रत्येक बगलेत फुटवा, आणि फुलं मोजकी: ही लाड झालेल्या झाडाची लक्षणं. दर आठवड्याला काहीतरी घालणाऱ्यांकडेच असं झाड दिसतं. महिनाभर खत पूर्ण बंद ठेवा, बगलफुटी काढा. लाकडाच्या राखेत पालाश (पोटॅश) असतं म्हणून ती मुठीमुठीनं टाकतात, पण राखेनं मातीचा सामूही (पीएच) वाढतो. कुंडीला एखादा चमचा, तोही क्वचित.

ऊन मोजायला विसरू नका. टोमॅटो, मिरची, वांगं, वेली या सगळ्यांना किमान सहा तास थेट ऊन हवं. सूर्याची वाट ऋतूप्रमाणे सरकते, त्यामुळे लागवडीच्या वेळी उन्हात असलेली जागा तीन महिन्यांनी समोरच्या भिंतीच्या सावलीत गेलेली असू शकते. एखाद्या सुट्टीच्या दिवशी दर तासाला कुंडीवर नजर टाका. ऊन चार तासच येत असेल तर फळभाजीचा नाद सोडून तिथे पालेभाजी लावा, ती छान येईल.

फळ धरलं, पण त्याचं खालचं टोक काळं, चामड्यासारखं झालं, तर ती फूलगळ नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही की असं होतं. मातीत कॅल्शियम बहुधा असतंच; ते पाण्याबरोबर वर चढतं, आणि पानं जास्त पाणी खेचत असल्यानं फळाच्या वाट्याला कमी येतं. एक दिवस कुंडी कोरडीठाक आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं झालं की हे हमखास दिसतं. अंड्याची टरफलं टाकल्यानं या हंगामात काही होणार नाही, ती विरघळायला फार काळ घेतात. पाणी नियमित करा आणि काळी पडलेली फळं काढून टाका.

मिरची आणि वांगं

मिरचीचं फूल गळलं की आधी पांढरा कागद घ्या, फांदीखाली धरा आणि फुलं त्यावर झटका. बारीक, लांबट, सरपटणारे पिवळसर किंवा काळपट जीव दिसले तर ते फुलकिडे. पानं वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली असतील तर बहुधा हेच. खाली वळून देठ लांबले असतील तर कोळी नावाची अतिसूक्ष्म कीड. दोन्हींवर सुरुवातीलाच पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या खालून मारा, फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावा, आणि मग गरज वाटली तर कडुनिंबाचं तेल. कागद कोरा राहिला तर उष्णता आणि पाणी तपासा. मिरचीही ३५ अंशांच्या आसपास फुलं टाकू लागते, आणि दुपारी कुंडी सुकून झाड माना टाकत असेल तर संध्याकाळी कितीही पाणी दिलं तरी ती फुलं परत येत नाहीत.

मिरचीत आणखी एक कारण असतं ते आनंदाचं. झाडावर आधीच भरपूर मिरच्या असतील तर ते नवी फुलं टाकून देतं. जेवढं पोसवेल तेवढंच ठेवतं. हिरव्या मिरच्या तोडल्या की पुढचा बहर धरतो. झाडावरच लाल करायच्या असतील तर मधली फूलगळ सोसावी लागेल.

वांग्याची गोष्ट निराळी आणि फार कमी लोकांना माहीत असलेली. वांग्याला सगळी फुलं सारखी येत नाहीत. काहींत कुक्षी पिवळ्या पुंकेसरांच्या बाहेर स्पष्ट डोकावते, काहींत ती पुंकेसरांच्या उंचीला असते, आणि काहींत आतच खुजी राहते. पहिल्या दोन प्रकारांत फळ धरतं, खुज्या कुक्षीची फुलं गळतात. तेव्हा फुलाच्या मध्यभागी बघा. खुजी फुलं फार वाढली असतील तर झाड उपाशी आहे किंवा फळांनी ओझावलंय. तयार वांगी काढा आणि चांगलं कुजलेलं खत द्या. या सगळ्या लेखात खत द्या असं मी इथेच म्हणतोय.

बाकीचे

भेंडीचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारनंतर मिटतं. खाली पडलेल्या सुकल्या पाकळ्या बघून घाबरू नका, मागे भेंडी धरलेली असते. घेवड्याची फुलं ३० अंशांच्या वर गळतात, उपाय हंगाम बदलण्याचा. लिंबाला शेकड्यानं फुलं येतात आणि त्यातली थोडीच टिकतात. शंभरातली दोन-चार धरली तरी झाड उत्तम चाललंय.

बोरॉनबद्दल विचारणा हमखास होते. परागनलिका वाढायला बोरॉन लागतं हे खरं, पण गरज आणि विषबाधा यांच्यातलं अंतर या मूलद्रव्यात फार कमी आहे. कुंडीच्या दहा-पंधरा लिटर मातीत चिमूटभर जास्त झालं तरी पानांच्या कडा करपतात. कंपोस्ट घातलेल्या मातीत त्याची उणीव सहसा नसते. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम असतं. त्याचा फळधारणेशी थेट संबंध नाही. बाजारात मिळणारं फूलगळ रोखणारं संजीवक शेतावर कामाचं असेल, पण चार कुंड्यांसाठी लिटरमागे काही थेंबांचा हिशेब नेमका पाळणं अवघड, आणि मात्रा चुकली तर तेच औषध फुलं पाडतं.

कुंडीचा आकारही एकदा बघून घ्या. टोमॅटोला १५ ते २० लिटर, मिरची-वांग्याला १० ते १५, दुधी-भोपळ्याला ४० च्या आसपास. याहून लहान कुंडीत उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी दिलं तरी दुपारी मुळं कोरडी पडतात, आणि मग वरचे सगळे उपाय नीट करूनही फुलं गळतात. बोट दोन पेरं मातीत खुपसा. आत कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर राहू द्या.

शेवटचं, फळं धरायला लागल्यानंतरचं. काकडी, दोडका, भेंडी, घेवडा कोवळे असतानाच तोडा. एखादी काकडी पानाआड लपून पिवळी झाली, बी पक्कं झालं, की वेल नवी फुलं कमी करते आणि आलेली टाकते. ‘आधी छान फळत होती, आता अचानक थांबली’ या तक्रारीमागे बऱ्याचदा अशीच एक विसरलेली काकडी असते. बियाणं धरायचं असेल तर त्यासाठी एक फळ हंगामाच्या अखेरीला राखा, मधेच नको.